दोन तासांचा गजर

जेवणानंतर दोन तासांनी गजर वाजला, तसा म्हाताऱ्या घड्याळजीने साखर मोजायचं यंत्र काढलं आणि सवयीने टेबलावर तळहात पसरला. समोरची खुर्ची रिकामी होती. बायकोला जाऊन आठवडा झाला होता. रोज तिचं बोट टोचून आकडा पाहिला की त्याचा तिळपापड व्हायचा. "ताटात नुसती घेवड्याची भाजी, मग साखर चढते कशी?" ती गालातल्या गालात हसायची. आज मुलीला राहवलं नाही. "बाबा, आई भाजीखाली उकडलेला बटाटा लपवायची. मला शपथ घातली होती." "पण का?" "डॉक्टर म्हणाले होते ना, महिनाभर साखर ताब्यात राहिली तर रोज टोचायला नको." "मग सुटली असती की बिचारी!" "तेच तिला नको होतं. म्हणायची, एरवी तुझे बाबा माझा हात कुठे धरतात?" पसरलेला तळहात घड्याळजीला काही केल्या मिटता येईना.