आत्याचं कुलूप

आशियाभरच्या बाजारांत कुणी ढुंकूनही न पाहिलेले, आतून भक्कम शेअर हुडकण्यात त्याची हयात गेली होती. कुलपांच्या एका कारखान्यावर त्याने आपल्या फंडाचे पैसे लावले, आणि तो शेअर वर्षानुवर्षं ढिम्म हलेना. एकेक गुंतवणूकदार पैसे काढून गेला. आज त्याची पहिली गुंतवणूकदार, सख्खी आत्या, ऑफिसात येऊन बसली. तिनेही पैसे काढले तर दुकान बंदच! आत्याने पिशवीतून गंजकं कुलूप काढून टेबलावर आदळलं. “तुझ्याच कारखान्याचं ना हे? काल किल्ली हरवली. किल्लीवाल्याने हात टेकले, शेवटी कोयंडा उखडावा लागला. हे बेटं जसंच्या तसं!” “मग… तुझे पैसे?” “राहू देत की! असला माल बनवणारे बुडतात होय?” त्याचा जीव भांड्यात पडला. “चहा सांगू?” “पटकन सांग. घर उघडं टाकून आलेय!”