बारा गुडघे

"आमच्या दवाखान्यात गुडघ्याला जात न्हाई, पक्ष न्हाई, नातं न्हाई! ज्याला जास्त दुखतं, त्याचा नंबर पहिला!" चेअरमन अर्जुनरावांनी घोषणा केली आणि टाळ्या थांबताच दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ते खुर्चीत टेकले. यादीत पहिला नंबर त्यांचाच होता.

सहकारी साखर कारखाना दोन वर्षं उसावाचून बंद होता. धुराड्यात कबुतरं नांदत होती. कारखान्याचा दवाखाना मात्र जोरात होता. यंदा बारा गुडघे फुकट बदलायचे होते आणि रांगेत दीडशे माणसं. म्हणून कमिटी, म्हणून फॉर्म, म्हणून गुण. चालता येत नसेल त्याला दहापैकी दहा. अर्जुनराव तर गेल्या निवडणुकीपासून गाडीतून उतरलेच नव्हते.

शिरूर कासारची बायडाबाई भिंतीशी फरशीवर बसून ऐकत होती. बावीस हंगाम ती डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढली होती. उजवा गुडघा आता जात्यासारखा वाजायचा. आज नंबर लागला तर पाय वाचणार होता. पण कमिटीत, डॉक्टरांच्या शेजारीच, धर्मराज मुकादम बसला होता. ऊसतोडीची टोळी तोच ठरवायचा. टोळी पंधरा दिवसांत परजिल्ह्यातल्या उसाला निघणार होती, आणि दुष्काळानं गावात दुसरं काम ठेवलं नव्हतं.

"बायडाबाई, चालता येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

धर्मराजनं मान वर केली. हाच सवाल तो दर दसऱ्याला विचारायचा. जी बाई न्हाई म्हणाली, तिच्याबरोबर तिचा नवराही गळायचा. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी; अर्धा कोयता कोण नेणार?

"येतं की," बायडाबाई म्हणाली. "टँकर न्हाई आला तर दीड कोसावरनं पानी आणते."

"दुखतं का?"

"न्हाई बा."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "फोटोत तर हाडाला हाड घासतंय."

"फोटोचं काय घेऊन बसलात, डॉक्टर!" अर्जुनराव गरजले. "माणूस सोता सांगतंय ना? आमच्या मायमाउल्या कष्टानं ठणठणीत ऱ्हात्यात. शिका जरा!"

पुन्हा टाळ्या. बायडाबाईला शून्य गुण, नंबर एकशे त्रेचाळीस.

धर्मराज जाता जाता तिच्यापाशी थांबला. "बायडे, नवऱ्याला सांग, तुमचा कोयता पक्का."

अर्जुनरावांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवण्यात आलं. हॉल रिकामा झाला. डॉक्टर कागद आवरत होते. बायडाबाई अजून भिंतीशीच.

"मावशी, झालं. जा आता घरी."

तिनं दाराकडं पाहिलं.

"साहेब, मुकादम गेला का तेवढं बघा," ती हळूच म्हणाली. "गेला आसंल तर जरा हात द्या. उठवंना मला."