लाथेने उघडलेलं दार

अमेरिकेतल्या टोलेडोच्या कोर्टात डिटेक्टिव्ह वेंडेल क्रॅट्झ साक्षीला उभा होता. ओडेसाबाईंच्या मुलाचा सहा वर्षांपूर्वी ज्या पिस्तुलाने खून झाला, ते त्यानेच आरोपीच्या घरातून शोधून काढलं होतं. "दार आरोपीने आपणहून उघडलं?" आरोपीच्या वकिलाने विचारलं. 'हो' म्हण, असं पोलिसातल्या जोडीदाराने सकाळीच बजावलं होतं. वेंडेलने एकदा ओडेसाबाईंकडे पाहिलं. "नाही. मी लाथ मारून उघडलं. झडतीचं वॉरंट नव्हतं." न्यायाधीशांनी झडती बेकायदा ठरवली, पिस्तूल पुराव्यातून वगळलं; दुसरा पुरावा नव्हता, आरोपी सुटला. बाहेर ओडेसाबाई बाकावर बसल्या होत्या. वेंडेल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मला खोटं बोलवलं नाही, बाई." "बोलला नाहीस, ते बरंच केलंस," त्या म्हणाल्या. "पण वॉरंट आणायला किती वेळ लागला असता रे?" "तासभर." ओडेसाबाईंनी पर्स उचलली. "मी सहा वर्षं थांबले होते. आणखी एक तास नसते का थांबले?"