कुमुदताईंचं वाण

हळदीकुंकू लावून शेजारच्या कुमुदताईंनी मला तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "वाण मोबाईलवर बघा हं. यंदा प्लॅस्टिकचे डबे नाहीत, पुस्तक लुटलंय!"

बघते तर माझंच ई-पुस्तक. दोन वर्षं खपून लिहिलेलं, गेल्याच आठवड्यात विक्रीला आलेलं. ताईंनी एक प्रत घेतली होती आणि सोसायटीच्या ग्रुपवर बेचाळीस बायकांना पाठवून दिली होती.

"अहो ताई, आता माझं पुस्तक विकत कोण घेणार?"

"इश्श! मी रीतसर विकत घेतलंय की. आणि वाटून माझ्याकडचं कमी थोडंच झालं?"

वाणाला नाही म्हणू नये, म्हणून मी तशीच घरी आले.

रथसप्तमीला हळदीकुंकू माझ्याकडे होतं. ताई येऊन बसल्या तशी मी ग्रुपवर लिहिलं, "माझं वाण : कुमुदताईंच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण. दहा मिनिटांत पाठवते."

हा मसाला ताई घरून विकतात. प्रमाण सुनेलाही सांगत नाहीत. त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी तो मी भाजला होता, म्हणून मला ठाऊक.

ताई ताडकन उठल्या. "अहो, मग माझा मसाला कोण घेणार?"

"वाटून तुमच्याकडचं कमी थोडंच होणार आहे?"

ताईंनी ग्रुपवर लिहिलं, "सगळ्यांनी ते पुस्तक आत्ताच्या आत्ता पुसून टाका."

पहिलं उत्तर त्यांच्या सुनेचं आलं.

"पुसलं, आई. प्रमाण कधी येतंय?"