काकांच्या पेशी

काकूंनी नेहमीप्रमाणे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि विचारलं, "वाढतायत?"

संशोधिकेने उत्तर टाळलं. आज सांगायचंच, असं ठरवून ती आली होती. पण जीभ रेटत नव्हती.

काकूंचे यजमान प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले, त्याला सहा वर्षं झाली. रोग पसरल्यावर काढलेल्या एका गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत तगल्या. तेव्हापासून काकू दर महिन्याला त्या बघायला येत. "काका जेवले का?" असं तिथे सगळे पेशींना पोषकद्रव घालताना एकमेकांना विचारत. काकूंसमोर मात्र कोणी थट्टा करत नसे.

यांचं खाणंपिणं तोडलं तर काय होईल, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. संशोधिकेने समजावलं, अशा पेशींना वाढायला लागतं ते पुरुषी संप्रेरक बंद केलं तरी या वाढतात. ते ओळखणारं पेशीतलं प्रथिनच बदललंय. बाहेरून इशारा आला नाही तरी ते आपलं 'वाढा' म्हणत राहतं.

"स्वभावच तसा," काकू म्हणाल्या.

निघताना त्या पेशी ठेवलेल्या उबदार कपाटाचं दार ओढून बघत. घट्ट लागलंय ना, पुन्हा पुन्हा विचारत. मुलगी वडील असताना घर सोडून गेली ती परतलीच नाही, एवढंच एकदा बोलल्या होत्या. संशोधिका हे घरी सांगायची तेव्हा तिच्या आईचे डोळे भरून येत.

आणि आता ही तपासणी. पेशींचा डीएनए काकांच्या डीएनएशी जुळला नव्हता. पुन्हा केली, तरी नाही. कधीतरी दुसऱ्याच रुग्णाच्या पेशी त्यांच्यात मिसळल्या होत्या आणि त्यांनी काकांच्या पेशींना पुरतं संपवलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, कळवायची काय गरज? बाईंना तेवढाच आधार आहे, राहू दे.

तिला ते पटलं नाही. तिने काकूंना खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

काकूंनी ग्लास बाजूला सरकवला.

"आणि गोठवून ठेवलेल्या?"

"त्याही तपासल्या. त्यांच्या नाहीत. माफ करा, काकू."

"जिवंत अशी एकही नाही? कुठेच?"

"कुठेच नाही."

काकूंनी पर्समधून फोन काढून मुलीला लावला. संशोधिका त्यांच्या पाठीवर हात ठेवायला उठली.

"बाबा गेले गं," काकू फोनवर म्हणाल्या. "या वेळी नक्की. आता ये घरी."