पाव फेरा

पडद्यावर पुन्हा तोच खळगा उमटला. प्रणिताने खुर्ची मागे सरकवली.

समोर स्टँडवर दुर्बिणीचा आरसा होता. चांगला परातीएवढा, तिच्या वडिलांनी, विष्णुपंतांनी, हाताने घासलेला. त्यावरून परतलेल्या प्रकाशाचे काळे-पांढरे पट्टे कॅमेरा टिपायचा आणि प्रणिताचा प्रोग्रॅम त्यांवरून काचेचा उंचसखलपणा काढायचा. श्रीगोंद्यात ऊसतोडीचे दिवस. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की पट्टे थरथरत. म्हणून तिने शेकडो फोटोंची सरासरी काढायला प्रोग्रॅमला शिकवलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोय तिनेच बंद करून टाकली होती.

फोटो वाढवावेत तसा खळगा जास्तच स्वच्छ दिसत होता. काच घासताना विष्णुपंत शेवटचा हात अंगठ्याने फिरवायचे, खळगा नेमका तिथेच होता.

"मघाशी ट्रॅक्टर गेला वाटतं, बाबा. परत घेते."

"किती वेळा घेशील? आरसा पाव फेरा फिरव. खळगा जागचा हलला नाही, तर दोष तुझ्या मोजण्यात. आरशाबरोबर फिरला, तर माझ्या हातात."

हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? म्हणूनच तर ती उठत नव्हती. आजोबांना, बाबांच्या वडिलांना, कंपवात झाला होता. शेवटी शेवटी त्यांना घास भरवावा लागे, आणि ते सुरू कधी झालं हे घरात कुणालाच सांगता आलं नव्हतं. देवा, माझंच काहीतरी चुकलेलं असू दे, ती मनात म्हणाली. वर्षभर रक्त आटवून केलेलं काम खोटं ठरावं म्हणून ती हात जोडत होती.

विष्णुपंत स्वतःच उठले. त्यांनी आरसा दोन्ही हातांनी धरून फिरवला. तिने त्या हातांकडे बघायचं टाळलं.

"घे आता."

पट्टे स्थिरावले. मघाशी वरच्या बाजूला असलेला खळगा आता उजवीकडे होता.

"प्रोग्रॅममध्ये अजून एक…" ती कीबोर्ड पुढे ओढत म्हणाली.

"त्याला कशाला बोल लावतेस? खरं बोलतोय बिचारा."

विष्णुपंत फडक्याने बराच वेळ हात पुसत राहिले.

"मला आपलं वाटत होतं," ते म्हणाले, "तू चहाचा कप काठोकाठ भरतेस, म्हणून माझ्या हातून सांडतो."