प्रार्थना नको

“देवाचं नाव घ्यायला बंदी? टेक्सासात?” पास्टर थर्मन बीझली शवपेटीपाशी उभे राहून ओरडले.

सैनिकी दफनभूमीची व्यवस्था पाहणारी सार्जंट इनेझ ओकाम्पो त्यांच्यासमोर ताठ उभी होती. “सर, आज इथे प्रार्थना होणार नाही,” ती दुसऱ्यांदा म्हणाली.

“कुणाचा हुकूम? वॉशिंग्टनचा?”

“मला एवढंच सांगता येईल, सर.”

“लाज नाही वाटत तुला, पोरी!” मागून एक बाई म्हणाली. चर्चमधून तीसेक माणसं आली होती. त्यांतल्या एकाने मोबाइल वर धरून सगळं टिपायला सुरुवात केली होती.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीत ओडेला प्रुएट मान खाली घालून बसली होती. झेंड्याखालच्या पेटीत तिचा नवरा होता, रॉइस. व्हिएतनाममध्ये तो जखमींना उचलून आणायचा. तिथून परतला तो देवाशी बोलणं टाकूनच. शेवटच्या आजारात त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं. “झेंडा चालेल. बिगुल चालेल. पण माझ्या डोक्याशी उभं राहून कुणी देव-देव करायचं नाही.”

सरकारने बंदी घातलीच नव्हती. सरकार घरच्यांना विचारायचं, आणि ते सांगतील तसं करायचं. मंगळवारी त्या कागदावर ‘प्रार्थना नको’ यापुढे खूण ओडेलानेच केली होती. खाली सहीही तिचीच. पण त्याच दुपारी चर्चच्या बायका कॉर्नब्रेड आणि चिकन घेऊन घरी आल्या. कोणतं स्तोत्र वाचू, असं पास्टरांनी विचारलं. तिच्या तोंडून निघून गेलं, “तिथे परवानगी नाही म्हणतात.” रॉइस देव न मानताच गेला, हे तिला त्या माणसांपुढे बोलवलं नाही.

तो कागद आता सार्जंटच्या हातातल्या फाइलीत होता. ओडेलाची नजर फाइलीवरच खिळली होती. आता उघडेल, आता दाखवेल. पोरीने एकदा ओडेलाकडे पाहिलं, आणि फाइल छातीशी घट्ट धरली.

“तुझं नाव सांग,” मोबाइलवाला म्हणाला. “उद्या सगळ्या देशाला कळू दे, सैनिकाच्या कबरीवरून देवाला कोणी हाकललं ते.”

“इनेझ ओकाम्पो,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. फाइल तिने तरीही उघडली नाही.

ओडेला उठली. “बास! तिला काही बोलू नका. ते मी लिहून दिलंय. रॉइसची तशी इच्छा होती. मी तुमच्याशी खोटं बोलले.”

मोबाइल हळूहळू खाली आला. आता आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं ओडेलाला वाटलं होतं. झालं उलटंच. चार दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. सार्जंटने बाहीने डोळे पुसले.

पास्टर जवळ आले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “ओडेलाबाई, तुम्ही एवढ्या देवभोळ्या. प्रार्थनेशिवाय त्याला मातीत ठेववेल तुम्हाला?”

“तुम्ही सारखे विचारायचात ना, रॉइस चर्चच्या आत का येत नाही म्हणून? मी सांगायचे, कंबर धरलीय. कंबर चांगली ठणठणीत होती त्याची.” ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. “एकेचाळीस वर्षं दर रविवारी तो मला चर्चच्या दारात सोडायचा, आणि तुमचं प्रवचन संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहायचा. कधी तुम्ही दोन-दोन तास बोलायचात. पण त्याने एकदासुद्धा हॉर्न वाजवला नाही.”

पास्टरांनी बायबल मिटलं. डोक्यावरची हॅट काढली. “मग आम्ही काय करू?”

“थांबा माझ्याबरोबर,” ओडेला म्हणाली. “आज बाहेर थांबायची पाळी माझी आहे.”